फूल एका रात्रीचे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



व्याख्यान द्यायला मी काही विदुषी नाही. आमच्या चिटणीसबाई महिन्यापूर्वी घरी आल्या, चहा घेतला, भिंतीवरचे फोटो पाहिले आणि जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही या परदेशी फुलांचे नि जुन्या मोटारींचे फोटो काढता ना, त्यावरच बोला." मी म्हटले, "अहो, आपल्या बायकांना त्याचे काय?" त्या म्हणाल्या, "ते तुम्ही सांगायचे." तेव्हा आज ते सांगण्याचा प्रयत्न करते. चुकले तर सांभाळून घ्यावे, आणि लांबले तर खुशाल घड्याळाकडे पाहावे, मला कळेल.

विषय आहे विलक्षण वस्तूंच्या छायाचित्रणाचा. विलक्षण म्हणजे जे रोज दिसत नाही ते. पण माझी सुरुवात कुठल्याही परदेशात झाली नाही. ती आमच्या घराच्या गॅलरीत, डालड्याच्या एका गंजलेल्या डब्यापाशी झाली.

माझ्या सासूबाई एकदा पेणला आपल्या बहिणीकडे गेल्या होत्या. येताना त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून एक लांबट पान आणले आणि डालड्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून खोचून दिले. "ब्रह्मकमळ आहे, दोन-तीन वर्षांनी फुलेल," म्हणाल्या. आपल्यापैकी निम्म्या घरांत हे झाड असेल. मीही वर्षानुवर्षे समजत होते की हे हिमालयातले फूल आपल्या गॅलरीत रुजले. पुढे फोटो काढायच्या निमित्ताने वाचू लागले तेव्हा उलगडा झाला. खरे ब्रह्मकमळ हिमालयात साधारण बारा हजार फुटांच्या वर उगवते. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून उत्तराखंडाचे राज्यफूल आहे. आपल्या डब्यातले झाड निवडुंगाच्या जातीचे, आणि त्याचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. तिकडच्या दमट रानात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढते. आपण ज्याला पान म्हणतो ते पानही नव्हे. ते त्याचे चपटे झालेले खोड. म्हणूनच फूल पानातून फुटल्यासारखे दिसते. हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मेक्सिकोचे असो नाहीतर पेणचे, फूल आले की शेजारणींना बोलवायचे." मला वाटते, वनस्पतिशास्त्रापेक्षा हे शहाणपण मोठे.

हे फूल पावसाळ्यात येते. कळी पंधरा-वीस दिवस लोंबत वाढते, आणि मग एके दिवशी तिचा देठ वर वळतो नि कळी फुगते. ती उमलायची रात्र ओळखण्याची खूण तीच. संध्याकाळी सात-आठला टोक सैल होते, मध्यरात्रीच्या सुमारास फूल पुरते उमलते, आणि पहाटे मान टाकते. मूळ देशी रात्री हिंडणारे मोठे पतंग त्याच्याकडे येतात. अंधारात त्यांना दिसावे म्हणून पांढरा रंग आणि दुरून कळावे म्हणून तो दरवळ. म्हणजे फोटो काढणारीला वर्षातून मिळतात फार तर चार-पाच तास, तेही रात्रीचे, तेही पावसात.

पहिल्या वर्षी मी काय केले? फ्लॅश लावून समोरून खटकन फोटो काढला. आला तो पांढरा गोळा! पाकळी म्हणून ओळखू येईना. मागे वाळत घातलेला टॉवेल मात्र स्वच्छ दिसत होता. आपण कणीक भिजवताना पाणी एकदम ओततो आणि मग पीठ घालत बसतो, तसा हा प्रकार. पांढऱ्या वस्तूवर समोरून उजेड ओतला की तिचे चढउतार नाहीसे होतात. उजेड बाजूने, मंद आणि गाळून द्यावा लागतो.

मग दोन-तीन वर्षे चुकत चुकत जी रीत हाती आली ती सांगते. खर्चाचे यात काही नाही. फुलामागे काळी शाल किंवा गडद रंगाची घोंगडी टांगावी, हातभर अंतर सोडून. फ्लॅश बंद. एका बाजूने बॅटरीचा उजेड, आणि बॅटरीच्या तोंडावर जुन्या धोतराचे मऊ फडके दोन घड्या करून. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की त्यावरून थोडा उजेड परत येतो आणि सावली काळीठिक्कर होत नाही. कॅमेरा असो की मोबाइल, हातात धरू नये. स्टुलावर पुस्तकांच्या चळतीला टेकवावा आणि दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघण्याची सोय लावावी, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. मोबाइलवर फुलावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा, नाहीतर आजूबाजूचा काळोख पाहून यंत्राला वाटते की चित्र अंधारे आहे, आणि ते पांढऱ्याला आणखी पांढरे करते. पंखा बंद ठेवावा. आणि आठ वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने एक, असे एकाच जागेवरून फोटो घ्यावेत. ते ओळीने लावले की कळी ते फूल हा सगळा प्रवास दिसतो. आमच्या शेजारच्या मुलांनी ती ओळ पाहिली तेव्हा त्यांना वाटले की सिनेमा आहे.

आता कोणी म्हणेल, संसार सांभाळून हे उद्योग कोणाला जमतात? म्हणून मी तुम्हाला तीन बायकांच्या गोष्टी सांगते.

पहिली, इमोजेन कनिंगहॅम ही अमेरिकन बाई. जन्म १८८३चा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकली आणि फीसाठी वनस्पतिशास्त्र विभागाच्या चित्रपट्ट्या करून दिल्या. तिचा फोटो स्टुडिओ चालू होता. पण लग्न झाले, एक मुलगा झाला, पाठोपाठ जुळे झाले. तीन लहानग्यांना टाकून बाहेर कुठे जाणार? तिने ठरवले की जे अंगणात आहे त्याचेच फोटो काढायचे. पोरे खेळत असताना ती बागेत मॅग्नोलिया, कॅलाची फुले, कोरफड यांच्यासमोर कॅमेरा लावून बसे. मॅग्नोलियाच्या फुलाच्या गाभ्याचे तिने १९२५ साली काढलेले चित्र आज जगातल्या नामांकित छायाचित्रांत गणले जाते. त्यात पाकळ्या चौकटीभर पसरल्या आहेत नि मधला गाभा एखाद्या देवळाच्या कळसासारखा उभा आहे. घरात अडकून पडणे ही तिची अडचण होती. त्या अडचणीचीच तिने वाट केली. हिची गोष्ट मी शेवटी पुन्हा काढणार आहे, लक्षात ठेवा.

दुसरी तिच्याही आधीची, इंग्लंडातली ॲना ॲटकिन्स. हिने तर कॅमेरासुद्धा वापरला नाही. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली लोहाच्या क्षारांनी कागदावर निळे चित्र उमटवण्याची कृती काढली. कागदाला ते द्रावण लावायचे, वाळवायचे, त्यावर वस्तू ठेवून उन्हात धरायचे नि मग साध्या पाण्याने धुवायचे. ऊन लागले तिथे गडद निळे होते, वस्तूची सावली पडली तिथे पांढरे राहते. घरांचे नकाशे पूर्वी निळ्या कागदावर यायचे ना, तीच ही कृती. ॲटकिन्सबाईंनी समुद्रातले शेवाळ गोळा करून या रीतीने त्याची चित्रे केली आणि १८४३पासून ती पुस्तकरूपाने काढली. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक ते हेच मानतात. दहा वर्षे ती हे काम करीत होती. पुढे मैत्रिणीच्या साथीने तिने नेच्यांची चित्रे केली, त्यांत जमैकासारख्या दूरच्या उष्ण प्रदेशातले नेचेही होते. ती कधी जमैकाला गेली म्हणून नव्हे. वाळवलेली पाने तिच्यापर्यंत आली आणि तिने ती इंग्लंडच्या उन्हात ठेवली. आपल्याकडे तर उन्हाला तोटा नाही. पापड वाळवण्याइतकेच हे काम आहे, फक्त पापड परत मिळतो आणि इथे चित्र मिळते.

तिसरीची गोष्ट मोटारींकडे आल्यावर सांगेन.

आता विलक्षण म्हणजे काय, याचा एक गमतीचा नमुना. सुमात्रा बेटावर टायटन अरम नावाची वनस्पती आहे. तिचा फुलोरा दहा फुटांपर्यंत उंच होतो. तो वर्षानुवर्षे येत नाही, आणि आला की एक-दोन दिवसांत कोसळतो. वास कुजलेल्या मांसाचा, कारण तिला तसल्या वासावर येणारे किडे हवे असतात. लंडनजवळच्या क्यू बागेत ती प्रथम १८८९ साली फुलली. १९२६ साली पुन्हा फुलली तेव्हा तर गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आजही ती कुठल्या बागेत फुलली की लोक रांगा लावून फोटो काढतात.

मी हे वाचले आणि तिचे कूळ पाहिले तर काय! ही आपल्या सुरणाची सख्खी चुलत बहीण. आणि पावसाच्या तोंडाशी ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका ज्या शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात ना, ती शेवळे त्याच घराण्यातली. जगात जिच्यासाठी रांगा लागतात, तिच्या बहिणीला आपण पिवळा भाग काढून, चिरून, खाज जाण्यासाठी काकडे घालून भाजी करतो! गेल्या जूनमध्ये मी शेवळे आणली आणि चिरण्याआधी त्यातले एक बाटलीत उभे करून खिडकीच्या बाजूच्या उजेडात त्याचा फोटो काढला. जांभळट तांबूस आवरण, मध्ये उभा दांडा. मोठा करून भिंतीवर लावला. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे कुठल्या देशातले?" मी म्हणते, "काल रात्री आमच्या ताटात होते." तेव्हा भगिनींनो, विलक्षणपणा पुष्कळदा वस्तूत नसतो, आपण ती चिरायच्या घाईत असतो, एवढेच.

पण एक गोष्ट या टायटन अरमवरून शिकावी. तिचा नुसता फोटो काढला तर ती दहा फुटांची की दहा इंचांची, कळत नाही. म्हणून जाणते लोक शेजारी माणूस उभा करतात. मापासाठी चित्रात माणूस हवा. हा धडा मी पुस्तकात वाचला खरा; पण तो मला नीट कळला तेव्हा उशीर झाला होता. त्याकडे येतेच.

दुर्मिळाच्या मागे लागण्यात एक पापही आहे, ते आज बोलले पाहिजे. साताऱ्याजवळचे कास पठार आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. पावसाच्या अखेरीस तिथे सोनकी, तेरडा, सीतेची आसवे फुलतात. कीटक पकडणारे दवबिंदू नावाचे लालसर इवलेसे झाड तिथे आहे, त्याच्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकतात. हे सगळे जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत. आम्ही गेलो तेव्हा माझ्या पुढची एक मुलगी फुलांच्या मधोमध बसून फोटो काढून घेत होती. मला राग आला. मी तिला दोन शब्द सुनावले. ती उठली, आणि मी वळून पाहिले तर माझी स्वतःची डावी चप्पल वाटेच्या बाहेर, दवबिंदूंच्या जुडग्यावर. दुसऱ्या एका दवबिंदूचा फोटो नीट यावा म्हणून मी वाकले होते नि पाय कुठे आहे ते पाहिलेच नव्हते. त्या मुलीने ते पाहिले. ती काही बोलली नाही, हे तिचे सौजन्य. तेव्हापासून माझा नियम असा: आधी पायाकडे पाहायचे, मग काचेतून. वाट सोडून जो फोटो मिळतो तो आपला नव्हे. फूल वाकवायचे नाही, मध्ये येणारे पान तोडायचे नाही, घरट्याजवळ जायचे नाही. आज गर्दीमुळे कासला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली आहे. ती वेळ आपल्यासारख्या हौशी माणसांनीच आणली.

आणि ज्यांना धीर धरता येतो त्यांच्यासाठी सह्याद्रीत कारवी आहे. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. पुढली खेप २०३२ची. केरळात मुन्नारला नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, २०१८ नंतर आता २०३०. आपली मुले दहावीतून नोकरीला लागतात तेवढ्या काळात एक फूल! तेव्हा पंचांगात आजच लिहून ठेवा.

आता मोटारी. मला मोटारीतले काही कळत नाही, हे आमच्या घरातले पुरुष आनंदाने सांगतील. पण मुंबईत जुन्या मोटारींची फेरी निघते तेव्हा मी हटकून जाते. झुळझुळीत पॉलिश, पितळी दिवे, क्रोमचे पट्टे. पहिल्या वर्षी मी तीस फोटो काढले आणि घरी येऊन पाहिले तर प्रत्येक मोटारीच्या दारात एक बाई वाकलेली! ती मीच. चकचकीत मोटार म्हणजे चाकांवरचा आरसा. समोरून काढलात की तुम्ही, तुमच्या मागची गर्दी आणि वरची पताका, सगळे तिच्यात. त्यावर उपाय असे. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर, आकाश मऊ असताना जावे. कोपऱ्यातून, तिरके उभे राहावे. दिव्याच्या उंचीइतके खाली बसावे, म्हणजे मोटार ऐटीत उभी दिसते. उभ्याने काढली तर पाटावर बसलेल्या मुलासारखी दबून दिसते. कॅमेऱ्यावर लावायची एक फिरती काच मिळते, तिने खिडकीच्या काचेवरची आणि रंगावरची चमक पुष्कळ कमी होते. पण क्रोमच्या उघड्या धातूवर तिचा इलाज चालत नाही. तिथे आपण बाजूला सरकणे हाच उपाय. आणि सगळी मोटार चौकटीत बसवायचा हट्ट सोडावा. एक दिवा, एक हँडल, पाटीवरचे एक अक्षर, यांतही मोटार असते. दागिन्यांच्या पेटीतून आपण एकच कुडी उचलून पाहतो तसे.

धावत्या मोटारीचे तंत्र आणखी निराळे. लार्तिग नावाच्या फ्रेंच तरुणाने पहिल्या महायुद्धाच्या आधी शर्यतीच्या मोटारीचा एक फोटो काढला. मोटारीबरोबर त्याने कॅमेरा फिरवला, पण मोटार पुढे निसटली. त्या काळच्या कॅमेऱ्यात पडद्याची फट चित्राच्या खालून वर सरकत जाई; वरचा भाग उमटेपर्यंत मोटार पुढे गेलेली, म्हणून चाक लंबगोल होऊन पुढे झुकले. आणि कॅमेरा फिरत असल्यामुळे काठावर उभी असलेली माणसे मागे कलली. हिशेबाने फोटो बिघडलेला. पण वेग म्हणजे काय ते त्या बिघडलेल्या चित्रात जसे दिसते तसे स्वच्छ चित्रात दिसत नाही. लार्तिगच्या चित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या संग्रहालयात १९६३ साली झाले आणि म्हातारपणी त्याचे नाव जगभर झाले. तेव्हा बिघडलेला फोटो लगेच पुसू नका, भगिनींनो. आजकाल मोबाइलवर एका बोटाने पुसता येते. ती सोय घातक आहे. का, ते शेवटी सांगते.

आता ती तिसरी बाई. होमाई व्यारावाला, भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत, कारण बाईचे नाव कोण छापणार? पुढे दिल्लीला गेल्या, साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहिल्या आणि स्वातंत्र्याच्या वेळचे सगळे थोर क्षण टिपले. टोपणनाव त्यांनी घेतले होते 'डालडा १३'! जन्म तेराव्या सालचा, नवऱ्याची पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी, आणि त्यांच्या पहिल्या मोटारीचा नंबर डी.एल.डी. १३. त्यावरून डालडा. हे वाचले आणि मला आमच्या गॅलरीतला डबा आठवून हसू आले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या.

मोटारींत मला सगळ्यात चुटपुट लागते ती एका अगदी साध्या मोटारीची. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी! १९६४ साली फियाट म्हणून आली, पुढे पद्मिनी झाली. मुंबईत हजारो होत्या. आपल्यापैकी कितीजणींची वरात तिच्यातून निघाली असेल, किती बाळंतिणी नि बाळे तिच्यातून घरी आली असतील. मीही आले. फोटो? एकही नाही. टॅक्सीचा काय फोटो काढायचा! मग शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली, वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात सगळे कॅमेरे घेऊन धावले, त्यात मीही. चाळीस वर्षे दाराशी उभी होती तेव्हा कोणी पाहिले नाही. दुर्मिळ वस्तू जन्मतः दुर्मिळ असतेच असे नाही. पुष्कळ वस्तू आपल्या देखत, रोज थोड्या थोड्या, दुर्मिळ होत असतात.

आणि आता त्या रात्रीची गोष्ट.

२००९चा श्रावण. डालड्याच्या डब्यातल्या झाडाला त्या वर्षी अकरा कळ्या होत्या, आणि त्यांतल्या सात एकाच रात्री उमलायच्या होत्या. मी नवा कॅमेरा घेतला होता. सासूबाईंचे वय तेव्हा ८१. गुडघे दुखायचे तरी त्या गॅलरीत पाटावर येऊन बसल्या होत्या. मी सगळी तयारी केली: काळी शाल, स्टूल, पुठ्ठा. तो गंजका डबा चित्रात वाईट दिसेल म्हणून मी त्यावरही काळे फडके टाकले. सासूबाई फुलाशेजारी बसल्या होत्या. मी म्हटले, "आई, जरा बाजूला व्हा ना, तुम्ही मध्ये येता." त्या सरकल्या. मग बॅटरी धरायला कोणी नव्हते. मी म्हटले, "एवढी बॅटरी धराल का? फक्त हात दिसू देऊ नका." त्यांनी धरली. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत त्या बॅटरी धरून बसल्या. मध्येच त्या म्हणाल्या, "अगं, वास घेतलास का फुलाचा?" मी म्हटले, "थांबा हो, एवढे दोन राहिलेत." शेजारणींना बोलवायचे राहिले. वास घ्यायचेही राहिले. पहाटे फुलांनी माना टाकल्या.

फोटो उत्तम आले. एका प्रदर्शनात लागले, लोकांनी नावाजले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सासूबाई राहिल्या नाहीत.

दिवसकार्याला भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधू लागलो तर मिळाला तो रेशनकार्डासाठी काढलेला, करड्या पडद्यापुढचा, चेहरा आवळलेला. घरात फोटो काढणारी सून, कपाटात फुलांची हजार चित्रे, आणि ज्या बाईने ते झाड पेणहून ओल्या फडक्यात आणले तिचा त्या झाडाजवळ एक फोटो नाही! नणंदेने विचारले, "वहिनी, तुझ्याकडे असेलच ना एखादा?" भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री कॅमेऱ्यातले सगळे फोटो मी पुन्हा उघडले. चौऐंशी होते. त्यांतला एक मी बिघडला म्हणून बाजूला टाकला होता, पुसायचा राहिला होता. त्यात फूल थोडे हललेले आहे, फडके सरकून डालड्याच्या डब्याची कड दिसते आहे, आणि उजव्या कोपऱ्यातून एक हात आला आहे. म्हातारा, शिरा दिसणारा, पाटलीचा हात. बॅटरी धरलेला. तो सांगितल्याप्रमाणे लपला नव्हता, म्हणून मी तो फोटो नाकारला होता. आज माझ्या घरात भिंतीवर तो एकच आहे. बाकीची फुले कुठल्याही घरची असू शकतील. ते फूल आमच्या घरचे आहे, कारण त्यात तो हात आहे. मापासाठी चित्रात माणूस हवा, हा धडा मला तेव्हा कळला.

आता इमोजेनबाईंची राहिलेली गोष्ट. जन्मभर फुले, कोरफडी, चेहरे टिपून झाल्यावर ९२व्या वर्षी तिने शेवटचे काम हाती घेतले ते नव्वदी ओलांडलेल्या माणसांचे फोटो काढण्याचे. स्वतः नव्वदीच्या पुढची, आणि निघाली म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायला. १९७६ साली ती गेली, पुस्तक तिच्यामागून निघाले. फुलांपासून सुरुवात केलेली बाई शेवटी कुठे पोचली, ते पाहा.

तेव्हा माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या कपाटात मंडळाचे जुने फोटो आहेत. सगळे मी पाहिले. पाहुण्यांना हार घालताना, रिबन कापताना, बक्षिसे देताना. पाहुण्यांची नावे मागे लिहिलेली आहेत. पण हळदीकुंकवाला दोनशे बायकांची डाळ-पन्हे करणाऱ्या, सतरंज्या झटकणाऱ्या, हिशेबाची वही सांभाळणाऱ्या ज्या कोणी होत्या, त्या एक तर चित्रात नाहीत, नाहीतर कडेला अर्ध्या आहेत, आणि नाव कोणाचेच नाही. त्यांतल्या काही आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने दोनच फोटो काढावेत. एक, आपल्या घरातली जी वस्तू आता दुर्मिळ होऊ घातली आहे तिचा: जाते असेल, पाटा-वरवंटा, शेवयांचा पाट, पितळी बंब, काहीही. आणि दुसरा, ती वस्तू ज्या हातांनी वापरली त्या माणसाचा, त्याच वस्तूपाशी. मागे नाव, गाव आणि तारीख लिहावी. मोबाइलमधला असेल तर छापून घेऊन लिहावी. त्यांची एक वही मंडळात ठेवू. पहिला फोटो मी आज जोडते आहे. त्याच्या मागे लिहिले आहे: डबा डालड्याचा, पान पेणचे, फूल मेक्सिकोचे, हात आमच्या आईंचा. श्रावण, २००९.

आणि एक शेवटचे. या पावसाळ्यात कोणाकडे ब्रह्मकमळ उमलणार असेल तर मला रात्री कितीही वाजता निरोप द्या. मी कॅमेरा घेऊन येईन. पण आल्या आल्या आधी वास घेईन, शेजारणींना हाका मारीन, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना फुलाशेजारी बसवीन. मग फोटो.